डाव्या गालाचा फोटो नको

मोताळा, १२ सप्टेंबर २०२५

गोकुळ,

फोनवर तुझ्याशी काही बोलायची सोय राहिलेली नाही, म्हणून हा मेल. आई मला स्पीकर लावायला सांगते आणि मोबाइल आपल्या मांडीवर घेऊन बसते. काल तू "हो, जेवलो" एवढंच म्हणालास, तर फोन ठेवल्यावर मला म्हणते, "माले, याचा आवाज काऊन असा येऊन राह्यला? तोंडात काही हाय का याच्या?" मी म्हटलं, नेटवर्क असेल. आयर्लंडचं नेटवर्क म्हटलं की तिचा कुठलाही संशय मिटतो.

आता तुझ्या दाढेबद्दल. खालची डावी, ठणकते, थंड पाणी लागलं की कळ कानापर्यंत जाते, सगळं वाचलं. तिकडच्या दातांच्या डॉक्टरची फी म्हणजे घरी यायचं तिकीट, आणि कंपनीच्या विम्यात सगळं शरीर बसतं पण दात बसत नाहीत, हेही वाचलं. दात काय शेजाऱ्याचे असतात का? असो. तू विचारतोस, ताई, लग्नाला येणारच आहे तर तेव्हाच खामगावला करून घेऊ का? मग दुसरं काय करणार! माझ्या वर्गातला चंद्रशेखर तिथे दातांचा डॉक्टर आहे. दहावीपर्यंत माझ्या वहीतून गणितं उतरवली आहेत त्याने, तो काय तुला लुटणार आहे? तोवर लवंगेचं तेल लाव, मिठाच्या पाण्याने चुळा भर आणि उजवीकडून चाव.

फक्त एक कर, कोणाला बोलू नको. नांदुऱ्याची सोयरीक कशावरून मोडली हे तू विसरला असशील, मी नाही विसरले. "त्या घरात तोंडाची बिमारी हाय," एवढं एक वाक्य कोणीतरी मंडळींच्या कानात सोडलं आणि चहा अर्धा टाकून ते लोक उठले. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, पण गालाला दुपट्टा गुंडाळून ते बाजारात यायचे हे तालुक्याने पाहिलं आहे. आता सुचिताकडून होकार आलाय. मुलगी खामगावच्या शाळेत शिकवते, बोलायला गोड, तिचे वडील शेषराव कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले, सरळ माणूस. पितृपक्ष संपला की दसऱ्याला साक्षगंध, नोव्हेंबरच्या शेवटी लग्न. एवढं पार पडू दे, मग पाहिजे तर बत्तीसच्या बत्तीस काढ.

तुझी ताई


मोताळा, २४ सप्टेंबर

गोकुळ,

तुझा मेल पार्लरमध्ये वाचला. एका बाईच्या भुवया अर्ध्या राहिल्या होत्या आणि ती आरशातून माझ्याकडे पाहत होती, इतका माझा चेहरा उतरला असेल.

तिकडच्या दातांच्या कॉलेजात शिकाऊ मुलं सरांच्या देखरेखीखाली स्वस्तात काम करतात, तू रोज फोन करकरून नंबर लावलास, आणि नंबर मिळाला तो नेमका दसऱ्याचा! बाकी वर्ष कमी पडलं होतं का त्यांना? आपण मंडळींना व्हिडिओवरच्या साक्षगंधाची वेळ देऊन बसलोय. इकडची दुपार म्हणजे तुझी सकाळ, त्याच वेळी तू तिथे तोंड उघडून बसणार. आणि त्यांनी इंजेक्शन दिलं तर अर्धं तोंड बधिर. लाळ गळतेय आणि सासरे विचारतायत, जावईबापू, पगार किती?

तू म्हणशील, ताईला चेष्टा सुचते. चेष्टा नाही रे. खरं सांगू? तू लिहिलंस की आधी ते सगळं तोंड तपासतात, एक्स-रे काढतात, शंका आली तर तुकडा काढून तपासायला पाठवतात. तिथे मी वाचायची थांबले. बाबांचाही असाच आधी "नुसता तुकडा" काढला होता. त्याचा रिपोर्ट अकोल्याहून येईपर्यंत आपण सगळे हसत-खेळत होतो, आणि त्यानंतर घरात कोणी मोठ्याने हसलं नाही. तू तंबाखू खात नाहीस, मला माहीत आहे. तरी मला आत्ता काही ऐकायचं नाही. लग्न झाल्यावर जे असेल ते बघू, मी तुझ्यासोबत असेन.

तो नंबर सोडून दे. पुढचा मिळेलच की.

ताई


मोताळा, ४ ऑक्टोबर

गोकुळ राजा,

झालं बाबा! नजर काढली मी तुझी, मीठ-मोहऱ्या लॅपटॉपवरून उतरवून टाकल्या. तुझे दाजी म्हणतात, लॅपटॉपची नजर उतरली, आता तो हँग होणार नाही.

तुला तिकडून किती दिसलं माहीत नाही. पाटावर लॅपटॉप, त्याच्यासमोर टॉवेल-टोपी आणि नारळ. सुचिताच्या काकूने कुंकवाचं बोट थेट स्क्रीनवर तुझ्या कपाळाला लावलं, ते अजून पुसलेलं नाही. तू छान बसलास. मी सांगितलं होतं तसा खिडकीकडे उजवा गाल, लॅपटॉप जरा उंच, डावीकडे अंधार. रोज नवऱ्या मुलींचे चेहरे हाताखालून जातात, कोणता गाल पुढे करायचा आणि कोणता झाकायचा हे मला नाही कळणार तर कोणाला?

पेढ्याचं मात्र चुकलं. शेषराव म्हणाले, "जावईबापू, तिकडं गोडाचं काही असंन त घ्या तोंडात, आमाले बी बरं वाटंन." तू बिस्कीट घेतलंस आणि ते गिळताना तुझा डोळा गच्च मिटला. त्यांना वाटलं, पोरगा भारावला. काकूने तर डोळ्याला पदर लावला. सुचिता मात्र तुझ्याकडेच बघत होती. नंतर हळूच मला म्हणाली, "त्यांना बरं नाही का?" मी म्हटलं, रात्रपाळी करून बसलाय, झोप नाही. लगेच पटलं तिला. चांगली पोरगी आहे रे.

कॉलेजवाल्यांनी पुढचा नंबर जानेवारीचा दिला म्हणतोस. असू दे. जानेवारीत तू बायको घेऊन जाशील, तीच घेऊन जाईल तुला हाताला धरून.

सूज रात्री वाढते म्हणतोस, तर उशी उंच घे.

ताई


मोताळा, १९ ऑक्टोबर

गोकुळ,

पाहिलंस ना, ताई काय चीज आहे ते? मलकापूरचा एक पोरगा आयर्लंडला, तुझ्याच गावात निघालाय कळलं आणि मी त्याच्या घरी जाऊन चकलीच्या डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या ठेवून आले. आपल्या मेडिकलवाल्याला मी एवढंच सांगितलं, दाढ सुजलीय, चांगल्यातल्या दे. त्याने कोणाची ते विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आणि आज तुझा मेल, सूज उतरली, तोंड उघडतंय, काल भात खाल्ला! मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. आईने विचारलं, "काय झालं वो?" म्हटलं, अनारसे जाळीदार झाले.

आता बरं वाटतंय तर सगळ्या गोळ्या संपवू नको. उरलेल्या जपून ठेव. हळदीच्या दिवशी, लग्नाच्या दिवशी पुन्हा ठणकली तर हाताशी असाव्यात. इथे ऐनवेळी मी कोणाला काय सांगून गोळ्या मागणार?

म्हणजे बाबांना होतं ते नव्हतंच, गोकुळ. ते असतं तर गोळीने उतरलं असतं का? मी आज पहिल्यांदा नीट झोपणार आहे.

दिवाळीचा फराळ पुरवून खा.

ताई


मोताळा, ११ नोव्हेंबर

गोकुळ,

फोटो मिळाला. तू लिहिलंस, "ताई, हा फक्त तुला." मी तो पाहिला आणि मोबाइल पालथा ठेवला, मग पुन्हा पाहिला.

हा आधीसारखा गाल नाही. आधी दाढेपाशी फुगवटा होता, आता हनुवटीखाली, गळ्याकडे उतरलाय. लाल दिसतोय, का तुमच्याकडचा उजेडच तसा? उरलेल्या गोळ्या चालू केल्यास हे बरं केलंस. ताप किती असतो ते लिहिलं नाहीस. अंगात कणकण आहे एवढंच म्हणतोस. थंडी आहे तिकडे, त्यानेही होते.

तिकडे कोणालातरी दाखव असं मी लिहिणार होते. दोनदा लिहिलं आणि खोडलं. तू दाखवशील, ते तुला ठेवून घेतील, आणि मग मला इथे मांडवात उभं राहून सांगावं लागेल की मुलगा दवाखान्यात आहे. कशाने आहे? तोंडाने. पुढचं लोक आपापल्या मनाने जोडून घेतील. सुचिताला कोण काय सांगेल देव जाणे. म्हणून खोडलं. नऊ दिवसांनी तू विमानात बसतोस, उतरलास की तुला सरळ चंद्रशेखरकडे नेते, घरीसुद्धा नंतर. एवढं सोस.

बॅनरचं सांगायचं राहिलं. चौकात तुझं आणि सुचिताचं बॅनर लावायचं होतं, आणि तुझा एकही ताजा फोटो धड नव्हता. मग मीच बसले. तुझा उजवा गाल उचलला, उलटा केला आणि डावीकडे बसवला. कोणाला सांगूनही कळणार नाही, इतकं सफाईने जमलं. काल ते लागलं. आई भाजी घेऊन येताना त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. घरी आल्यावर मला म्हणाली, "चांगला हाय फोटो. पण हा मले माहा गोकुळ नाही वाटून राह्यला." मी म्हटलं, चार वर्षांत माणूस बदलतो. संध्याकाळी तिने ट्रंकेतून बाबांचा दुपट्टा काढला, घडी मोडली, परत घातली आणि ठेवून दिला.

तिला काहीतरी कळलंय. मला विचारत नाही, याचीच मला जास्त भीती वाटते.

ताई


खामगाव, २० नोव्हेंबर

गोकुळ, हे वाचशील तेव्हा जिथे असशील तिथेच थांब.

मी चंद्रशेखरच्या दवाखान्याबाहेर बसून लिहितेय. पत्रिका द्यायला आले होते. चहा पिता पिता सहज म्हटलं, भाऊ येतोय, त्याची एक दाढ बघशील का, आणि तुझा फोटो पुढे केला. तो खरा फोटो.

त्याने कप खाली ठेवला. "हा कवाचा फोटो हाय?"

म्हटलं, दहाएक दिवस झाले.

"आता कसा हाय?"

म्हटलं, जीभ वर उचलल्यासारखी वाटते म्हणतो. थुंकी गिळायला त्रास होतो. आडवं झोपवत नाही, खुर्चीत बसून झोपतो.

तो उभाच राहिला. मी त्याला एकदम विचारलं, कारण आता विचारल्याशिवाय राहवत नव्हतं, "चंदू, बाबांना होतं ते आहे का?"

"नाही वो माले, ते नाही. ही दाढ हाय. साधी सडेल दाढ. तवाच तिथं काढली असती, पू निघाला असता, चार दिवसांत बिस्किटं खात बसला असता पोरगा."

तुला खरं सांगते, मला आधी आनंद झाला. हसूच आलं मला. मी हात जोडले, कोणाला जोडले माहीत नाही. आणि तो माझ्याकडे असा बघत राहिला की माझे हात तसेच राहिले. म्हणाला, "हसू नको. पू खाली गळ्यात उतरून राह्यला त्याच्या. श्वासाची नळी दबली त पाच मिनिटं भेटत नाहीत माणसाले. त्याले विमानात बसू देऊ नको. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जाऊ दे, पैशाचं कोणी विचारत नाही अशा वक्ताले. फोन लाव."

मी लावला. तू उचललास. मी ओरडून सगळं सांगितलं आणि तुझ्याकडून नुसती घरघर ऐकू आली. मग फोन कट झाला आणि तुझा मेसेज आला. "ताई बोलता येत नाही. बस विमानतळावर पोचली. आता इतकं आलोय तर येतो. हळद चुकायला नको."

हळद गेली खड्ड्यात, गोकुळ! मी लावली होती ती घाई, मीच मागे घेते. लग्न पुढे ढकलू, मोडलं तर मोडू दे. तिथेच काउंटरवर कोणालाही तोंड दाखव. बोलता येत नसेल तर गळ्याकडे बोट दाखव. हे वाच. वाच आणि थांब.


नाशिकच्या पुढे, २१ नोव्हेंबर, सकाळ

गोकुळ,

तू थांबला नाहीस. पहाटे तुझा मेसेज पाहिला, "विमान बदलायचंय. बसलोय. बरा आहे." त्याच्यानंतर काही नाही. मी पाठवलेलं तू काहीच उघडलेलं दिसत नाही.

गाडीत पुढे शेषराव बसलेत. जावयाला घ्यायला स्वतः येतो म्हणून काल संध्याकाळीच तयार होऊन आले, नाही कसं म्हणणार? त्यांच्या मांडीवर झेंडूची माळ आहे, पिशवीत पाणी मारून ओली ठेवलीय. रस्ताभर आनंदात आहेत. सुचिता तुझ्यासाठी आयरिश चहा कसा करतात ते मोबाइलवर बघते, असं सांगतात. तुझे दाजी गाडी चालवताना आरशातून माझ्याकडे बघतात. त्यांना मी काल रात्री सगळं सांगितलं. म्हणाले, "शेषरावांले सांगून टाक." मी म्हटलं, गोकुळ आधी डोळ्यांसमोर येऊ दे. म्हणजे बघ, मी अजूनही झाकतेच आहे. मागच्या सीटवर बसून, त्यांच्या पाठीमागे, तुला चोरून लिहितेय.

चंद्रशेखरने मुंबईच्या एका दवाखान्यात फोन करून ठेवलाय. विमानतळावरून सरळ तिथे. बर्फाचं पाणी घेतलंय तुझ्यासाठी. पण तुला गिळता येत नाही ना. वेडी झालेय मी.

आईने निघताना मला बाजूला घेतलं. मला वाटलं विचारेल. तिने फक्त माझा हात धरला आणि म्हणाली, "जसा असंन तसा आणजो त्याले."


मुंबई, २१ नोव्हेंबर, दुपार

गोकुळ,

विमान उतरल्याचं फलकावर लागलं. लोक येऊ लागले. आधी सूटवाले, मग पोरं-बाळं, मग ट्रॉल्या ढकलणाऱ्या म्हाताऱ्या बायका. शेषराव माळ हातात धरून पार पुढे कठड्याला जाऊन उभे राहिले. प्रत्येक तरुण मुलगा दिसला की मान वर करायचे. गर्दी विरळ झाली, मग संपली. दुसऱ्या विमानाचे लोक यायला लागले.

मग विमान कंपनीची एक मुलगी बाहेर आली. हातात कागद होता. तिने मोठ्याने विचारलं, "गोकुळ अर्जुनराव खर्चे? यांच्या घरचं कोण आहे?" दाजींनी हात वर केला. ती धावतच आली. विमानात तब्येत बिघडली, आत डॉक्टर आहेत, त्यांना लगेच कळायला हवंय, आधीपासून काही आजार, काही त्रास होता का?

आणि माझ्या आधी शेषराव बोलले. माळेसकट हात हलवून म्हणाले, "नाही नाही बाई, काही नाही त्याले. पोरगा एकदम निरोगी. आमी पाहूनच पोरगी देली ना."

ती ते लिहायला लागली. मी तिच्या हातातला पेन धरला. "होतं," म्हटलं, "लिहू नका ते, होतं." आणि तिथेच, सगळ्या लोकांत, सगळं सांगितलं. सप्टेंबरपासूनची दाढ, मी सोडायला लावलेला नंबर, चकलीच्या डब्यातल्या गोळ्या, त्या अर्ध्याच घेतल्या ते, गळ्याची सूज, घरघर. ती भराभर लिहीत होती. "तोंडाने काही घेता येत नव्हतं?" नव्हतं. "कधीपासून?" मी सांगितलं. ती पळत आत गेली आणि काचेचं दार लागलं.

शेषराव माझ्याकडे बघत उभे होते. मला वाटलं आता बोलतील, सोयरीक मोडली म्हणतील, आणि मी त्यांचे पाय धरायला तयार होते. त्यांनी खालचा ओठ ओढून मला आपली कवळी दाखवली. "माह्या तोंडात एकही दात घरचा नाही, बाई," म्हणाले. "एवढंच होतं त सांगाचं न. मी त्याले म्हटलं असतं, आधी दात पाह्य, साक्षगंध मागून." ते कठड्याकडे तोंड करून उभे राहिले.

त्यालाही बराच वेळ झाला. तू आत आहेस एवढं कळलंय. ती मुलगी मघा पुन्हा दारापाशी आली, दाजींना एकट्यालाच आत बोलावलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्ही इथेच बसा.

कसा आहेस, हे तिने सांगितलं नाही. मला विचारायचा धीर झाला नाही.

ताई